यादवकाळाचं वेड लागलंय, आता पुढे काय?

विचारणाऱ्या ताई नाशिकच्या आहेत. बँकेत नोकरी, सुट्टी मोजकी. देवगिरी, सिन्नर, अंबरनाथ पाहून झालंय आणि यादवकाळाने, म्हणजे देवगिरीच्या यादव राजांच्या काळाने (बारावं ते चौदावं शतक), झपाटलंय. त्यांचे प्रश्न थोडक्यात असे: नाणी जमवू की मोडी शिकू? दगडावरचं वाचायला माणूस शिकतो कसा? भेटतात ते सगळे शिवकाळाचे वेडे, यादवांवर बोलायला कुणी नाही, तर काय करावं? आणि घरचे म्हणतात की दगड बघत फिरण्यात रविवार वाया जातो, त्यांना यात कसं ओढावं?

आधी सरळ उत्तर देतो. नाणी आत्ता घेऊ नका. मोडी जरूर शिका, पण यादवांसाठी नव्हे. सुरुवातीची एक-दोन वर्षं वीरगळांना, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारक-दगडांना द्या, तीही एकाच तालुक्यातल्या. तुम्हाला सिन्नर जवळ आहे, मग सिन्नरच धरा.

मोडीचं लवकर उरकतो. मोडी यादवांचे मंत्री हेमाडपंत यांनी आणली असं आपण शाळेपासून ऐकत आलो, त्यामुळे यादवकाळ म्हटलं की मोडी असं डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात यादवांचं लिखाण तुम्हाला भेटतं ते दगडावर नाहीतर तांब्याच्या पत्र्यावर, आणि महाराष्ट्रात ते बहुतेक नागरीत असतं. भाषा संस्कृत किंवा जुनी मराठी. दक्षिणेकडे सरकलात की कानडी भाषा आणि कानडी लिपी. मोडीचे जे रुमाल (कागदांची बांधलेली गाठोडी) दप्तरखान्यांतून सुटतात ते मुख्यतः सतराव्या शतकापासून पुढचे. म्हणजे मोडी शिकून तुम्ही पेशवाईत पोचाल, देवगिरीला नाही. वर्ग छान असतात, ओळखी होतात, म्हणून जा. पण पहिला वेळ तिकडे घालवू नका.

आता वीरगळ. गावच्या वेशीवर, मारुतीच्या देवळामागे, वडाच्या पाराशी, नाहीतर शेताच्या बांधाला टेकून उभा असलेला कंबरेएवढा चिरा तुम्ही शंभरदा पाहिला असेल. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो किंवा लढत असतो. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, बाजूला बहुधा पुजारी. माथ्यावर कलश, आणि चंद्र-सूर्य: ते असेतोवर याची कीर्ती राहो. एवढं कळलं की निम्मा वीरगळ वाचता येतो. उरलेला निम्मा सगळा खालच्या चौकटीत असतो, आणि खरी मजा तिथेच आहे. गाई कोरल्या असतील तर गोधन पळवणाऱ्यांशी झालेली लढाई. घोडेस्वार असेल तर माणूस जरा वरच्या हैसियतीचा. समोर वाघ असेल तर तो शिकारीत किंवा गुरं राखताना गेला. शेजारी कोपरापासून वर उभा केलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीची खूण.

कोकणात आणि गोव्यात याच चौकटीत गलबतं येतात. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातले कदंबांच्या काळचे वीरगळ पाहा, वल्ह्यांची रांग स्पष्ट मोजता येते. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे आहेत ते तर आरमारी लढाईचे मोठे पटच आहेत. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि महादेव यादव यांच्यातल्या, साधारण १२६५ च्या लढाईशी पुष्कळ जण त्यांचा संबंध जोडतात. सोमेश्वराने महादेवाच्या कोपाच्या वडवानलापेक्षा समुद्रात बुडणं पत्करलं, अशा अर्थाचं हेमाद्रीने, म्हणजे हेमाडपंतानेच, लिहून ठेवलं आहे, त्यामुळे हा मेळ फार आकर्षक वाटतो. पण दगडावर वाचता येईल असं नाव नाही. तिथे उभं राहून मित्रांना ही गोष्ट सांगा, मात्र ‘असं मानतात’ एवढे दोन शब्द गाळू नका. आपल्या छंदात शिस्त म्हणून जी काही आहे ती बरीचशी या दोन शब्दांत आहे.

बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. त्यामुळे विद्यापीठांतली माणसं त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतात, आणि तोवर रस्ता रुंद होतो, देवळाचा जीर्णोद्धार होतो, दगड पायाभरणीत जातो. हौशी माणसाचं काम इथेच आहे. एका तालुक्यातली गावं क्रमाने घ्या आणि प्रत्येक दगडाची नोंद करा: गाव, वाडी, जागेचं स्थानिक नाव, शक्य तर गट नंबर, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, उंची-रुंदी-जाडी, तोंड कोणत्या दिशेला, चौकटी किती, प्रत्येकीत काय, दगड मूळ जागी आहे की आणून ठेवलेला, आणि गावकरी त्याला काय म्हणतात. शेवटचं टाळू नका. म्हसोबा, वीरोबा, कुठे नुसतं ‘देव’: नाव आणि त्यामागची कथा म्हातारी माणसं सांगतात, आणि ती त्यांच्याबरोबर जाते. फोटोत मोजपट्टी ठेवा, नाहीतर घरी गेल्यावर दोन फुटांचा दगड आणि पाच फुटांचा दगड सारखेच दिसतात.

गावात शिरलात की आधी देवळाच्या गुरवाशी किंवा सरपंचांशी बोला. ‘कशाला आलात’ या प्रश्नामागे बऱ्याचदा ‘गुप्तधन शोधायला आलात का’ हा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे, कारण तशी माणसं येऊन जमीन उकरून गेलेली असतात. वही दाखवा, फोटो दाखवा. बाई असल्याचा इथे एक फायदा आहे: घराच्या ओट्यावर बसून आजीबाईंशी बोलणं तुम्हाला जेवढं सहज जमेल तेवढं आम्हा पुरुषांना जमत नाही.

काय करू नये हेही सांगतो. शेंदूर खरवडू नका. तुमच्या दृष्टीने तो थर असेल, गावाच्या दृष्टीने तो देव आहे, आणि पोपडा निघताना खालचा नक्षीकामाचा कणही निघतो. अक्षर उठून दिसावं म्हणून खडू, पीठ, भस्म, तेल काही लावायचं नाही. आंतरजालावर दिसणारे पांढऱ्या रेघा भरलेले शिलालेखांचे फोटो म्हणजे कुणीतरी आपल्या समजुतीप्रमाणे गिरवलेली अक्षरं, दगडावरची नव्हेत. त्याऐवजी उजेड वापरा. सकाळी उन्हं तिरपी असताना जा, किंवा अंधार पडल्यावर हातात बॅटरी घेऊन दगडाच्या कडेने, अगदी पृष्ठभागाला घासून जाईल असा झोत टाका आणि तो चारही बाजूंनी फिरवा. दुपारी सपाट दिसणाऱ्या दगडावर रात्री ओळीच्या ओळी उभ्या राहतात. ओल्या कागदाचा ठसा शिकलेल्या माणसाकडूनच घ्यायचा. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय तो घेता येत नाही. हल्ली मोबाइलने चहूबाजूंनी फोटो काढून संगणकावर दगडाची त्रिमिती प्रतिकृती करता येते, ती शिकून घ्या. तुमच्या वयाच्या लोकांना ते आमच्यापेक्षा चटकन जमतं.

वीरगळ शोधताना गद्धेगळ भेटेलच. वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर, खाली गाढव आणि स्त्री. दान दिलेली जमीन किंवा हक्क जो मोडेल त्याच्या आईला दिलेली ती शिवी आहे, आणि ती राजाज्ञेचा भाग म्हणून कोरलेली आहे. शिलाहार अपरादित्याचा परळचा लेख, जो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, त्यात ती अगदी ठणठणीत मराठीत वाचायला मिळते. वरचा मजकूर संस्कृत आणि शाप मात्र लोकांच्या भाषेत. याचं कारण सोपं आहे: शाप कळला पाहिजे ना. काही गावांत असा दगड लाजेपोटी उलटा पुरलेला असतो. त्याबद्दल चारचौघांत विचारताना जरा जपून.

अक्षर वाचण्याकडे येऊ. लोक थेट दगडापुढे उभे राहतात आणि निराश होतात. उलट्या क्रमाने जा. शं. गो. तुळपुळ्यांनी प्राचीन मराठी कोरीव लेखांचा संग्रह केला आहे, त्यात लेखाचं वाचन आणि ठशाचं छायाचित्र मिळतं. वाचन समोर ठेवून छायाचित्रातलं एकेक अक्षर शोधा, वहीत उतरवा. तीन-चार लेख झाले की हात बसतो. पहिला अडथळा पृष्ठमात्रेचा येतो. त्या काळी एकाराची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी काठी देत. म्हणजे ‘देव’ मधला ‘दे’ दिसतो तो आधी काना आणि मग ‘द’ असा. ‘ओ’ असेल तर अलीकडे एक काठी, पलीकडे एक. हे ठाऊक नसलेला माणूस मागच्या अक्षराला काना जोडतो आणि पुढचं सगळं वाचन भरकटतं.

दुसरी हाताशी ठेवायची गोष्ट म्हणजे कालगणना. शकात ७८ मिळवले की इसवी सन, आणि पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला अनेकदा ७९. हे सगळ्यांना माहीत असतं. संवत्सराचा, म्हणजे साठ नावांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावाचा, हिशेब फारसा कुणी करत नाही, आणि झिजलेल्या लेखात तोच वाचवतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभवापासून मोजलेला संवत्सर. शिवराज्याभिषेकाचं शक १५९६ घ्या: १६०८ ला ६० ने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. बरोबर. आता पाटणचा लेख घ्या, चाळीसगाव तालुक्यातला, डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, त्याचा हा लेख. त्यात शक ११२८ आहे आणि संवत्सर प्रभव. हिशेब केलात तर ११२८ ला बाकी शून्य येते, म्हणजे साठावा क्षय. प्रभव येतो ११२९ ला. लेखात श्रावणी पौर्णिमेचं चंद्रग्रहणही आहे, ते १२०७ च्या ऑगस्टमध्ये जुळतं. म्हणून अभ्यासक १२०७ साल धरतात. एका आकड्यावर विसंबायचं नाही हे शिकायला याहून चांगला लेख नाही. शिवाय त्याच्या शेवटच्या मराठी भागात बाजारात येणाऱ्या मालावरचा कर आणि घाण्यांचं तेल मठाकडे कसं जायचं ते येतं. बँकेत काम करणाऱ्या माणसाला ते जास्त रंजक वाटावं.

पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा लेखही तसाच, शक ११९५ ते ११९९ मधला, देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळातला. विठ्ठलाच्या देवळाला कुणी किती दिलं याची ती यादी आहे, आणि देणाऱ्यांत हेमाडपंतही आहे. या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत पडली, आणि घासून घासून अक्षरं गुळगुळीत झाली. भक्तीने झिजलेला पुरावा म्हणावा असा हा दगड.

नाण्यांबद्दल मी नाही म्हटलं त्याची कारणं दोन. यादवांचा पद्मटंक सोन्याचा, मध्ये आठ पाकळ्यांचं कमळ, भोवती शंख, श्रीकार आणि राजाच्या नावाचे छाप. दिसायला अप्रतिम, आणि म्हणूनच नकली भरपूर. दुसरं कारण कायद्याचं. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार आणि देशाबाहेर नेणं यावर बंधनं आहेत. आणि जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरच्या किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं, तो कायदा तर १८७८ पासून आहे. कुणी ‘आमच्या शेतात निघालं, स्वस्तात घ्या’ म्हणालं तर तिथून निघा. संग्रहालयात बघा, छाप ओळखायला शिका.

आता फॅन मंडळींचं. शिवकाळाच्या वेड्यांशी भांडू नका. त्यांच्यासारखे पाय असलेली माणसं दुसरी नाहीत, आणि गडाच्या पायथ्याच्या गावातला वीरगळ तुम्हाला तेच दाखवतील. पण दोन वाद तुमच्या वाट्याला नक्की येणार आहेत.

पहिला, हेमाडपंती. जुनं, काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं देऊळ दिसलं की गावाच्या फलकावर ‘हेमाडपंती’ लिहिलेलं असतं. अंबरनाथच्या देवळातला लेख शक ९८२ चा आहे, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार मुम्मुणीच्या काळातला. हेमाडपंत महादेव आणि रामदेवराव यादवांचा मंत्री, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनंतरचा. त्याचं नाव लावण्याऐवजी शिखर बघायला शिका. अंबरनाथ आणि तुमच्या सिन्नरचं गोंदेश्वर ही दोन्ही भूमिज पद्धतीची आहेत: चार दिशांना चार उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या चढत्या रांगा. गोंदेश्वराच्या आवारात एकदा नुसतं शिखर बघत अर्धा दिवस बसा.

दुसरा वाद रामदेवरावाचा. कुणी त्याला भित्रा म्हणेल, कुणी दगा झाला म्हणेल, आणि कुणीतरी धान्य समजून गडावर नेलेल्या पोत्यांत मीठ निघालं ही गोष्ट सांगेलच. ती फिरिश्ता हा फारसी इतिहासकार सांगतो, आणि तो लिहितो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. अलाउद्दीन खिलजीचा देवगिरीवरचा छापा १२९६ चा. मध्ये तीनशे वर्षं गेली. त्यापेक्षा इसामी वाचा. त्याने १३५० च्या सुमारास, दौलताबादेतच राहून, फारसी पद्यात लिहिलं. आजोबांबरोबर तुघलकाच्या फर्मानाने दिल्लीहून निघालेलं हे पोरगं, आजोबा वाटेतच गेले. तो सांगतो की देवगिरीच्या अलीकडे कान्हा नावाच्या सरदाराने वाट अडवली आणि त्याच्या बाजूने लढलेल्या दोन स्त्रियांनी तुर्कांना हैराण केलं. शत्रुपक्षाच्या कवीने केलेलं हे कौतुक आपल्या एकाही चर्चेत येत नाही, मिठाची पोती मात्र दर वेळी येतात. रामदेवराव पुढे १३०७ मध्ये दिल्लीला नेला गेला, ‘रायरायान’ किताब घेऊन परत आला आणि १३११ पर्यंत राज्य करत राहिला. भित्रा की मुत्सद्दी हे ठरवण्याआधी ही पंधरा वर्षं डोळ्यांपुढे असावीत एवढंच माझं म्हणणं. राजावर माया असायला हरकत नाही, मलाही सिंघण यादव आवडतो. त्याच्या पदरी शार्ङ्गदेवाने संगीतावर ग्रंथ लिहिला, म्हणून जास्तच.

राजांचा कंटाळा येईल तेव्हा लीळाचरित्र उघडा. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या शेवटी जमवलेल्या, महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या या आठवणींत यादवकाळातली साधी माणसं चालतात-बोलतात: कुणी भांडतं, कुणी भिक्षा वाढतं, कुणाच्या घरी काय शिजलं तेही येतं. भाषा सुरुवातीला अडखळवते, मोठ्याने वाचली की सुटते. जोडीला स्थानपोथी घ्या. चक्रधर कुठे उतरले, देऊळ कुठल्या दिशेला, दार कुणीकडे, हे तिच्यात इतकं नेमकं आहे की पोथी हातात धरून आज गावात फिरता येतं. महानुभावांनी त्या जागांवर ओटे बांधून ठेवलेत, त्यामुळे सातशे वर्षांपूर्वीच्या गावाचा नकाशा थोडाफार हाती लागतो. महानुभाव मठांत आपुलकीने सांगतात. ती त्यांची तीर्थं आहेत एवढं भान ठेवून विचारा.

आणि घरचे. त्यांना दगडाकडे नेऊ नका, काळच स्वयंपाकघरात आणा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास मानसोल्लास लिहिला किंवा लिहवून घेतला. यादवांच्या आधीच्या पिढ्यांचा हा ग्रंथ, पण ताट फारसं बदललेलं नसावं. महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात ही नोंद त्यातलीच. आईला किंवा आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर तिथून बोलणं सुरू करा, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. अन्नभोगाच्या प्रकरणात इडरिका आहे: तांदूळ नाही, नुसतं उडदाचं पीठ, वर हिंग, जिरं आणि मिरी. मांडेही आहेत, तापलेल्या खापरावर भाजायचे. खानदेशात आजही ते तसेच होतात, तेव्हा नाशिकहून धुळे-जळगावकडची कुणी नातेवाईक शोधायला तुम्हाला जड जाऊ नये. हातावर मांडा मोठा करण्याचं कसब पुस्तकातून येत नाही.

एक नियम मात्र काटेकोर पाळा. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा यातलं काही चालणार नाही, हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं. तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा, आंबटपणा चिंचेचा, आवळ्याचा, ताकाचा. मिरचीशिवाय जेवायचंय हे घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून टाका, आणि ठेचा फडताळात वरच्या खणात ठेवा.